जामीनदाराच्या चौकटीत कोणाची सही? ऑफिसातला विश्वास कसा तयार होतो

आमच्या ऑफिसच्या पतपेढीचा कर्जाचा अर्ज पिवळसर कागदावर छापलेला असायचा. मागच्या पानावर खाली दोन चौकटी, ‘जामीनदार क्र. १’ आणि ‘जामीनदार क्र. २’. ज्याला कर्ज हवं असेल तो हा कागद चार घड्या करून खिशात घेऊन फिरायचा. जेवणाची सुट्टी संपत आली की कुणाच्या तरी टेबलापाशी येऊन हळूच म्हणायचा, “एक सही हवी होती.” कसली सही, हे विचारावं लागायचं नाही.

ज्यांचा पतपेढीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. ही कर्मचाऱ्यांनी मिळून चालवलेली सहकारी पतसंस्था. दर महिन्याला पगारातून थोडी रक्कम कापली जाते आणि त्या गंगाजळीतून सभासदांना कर्ज मिळतं. सोनंनाणं गहाण ठेवावं लागत नाही, त्याऐवजी दोन सहकारी जामीन राहतात. कर्जदाराने हप्ते थकवले तर ते जामीनदारांच्या पगारातून वळते होतात. सहकाऱ्यावरचा विश्वास रुपयांत मोजायचा झाला तर त्या चौकटीइतकी चोख जागा दुसरी सापडणार नाही.

मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग एजन्सीत, अकाउंट्समध्ये मी २६ वर्षं काढली. तेवढ्या काळात हा कागद माझ्यासमोर ९ वेळा आला. ६ वेळा मी लगेच सही केली. दोनदा काहीतरी कारण सांगून टाळलं. एकदा सही केली आणि ती अंगाशी आली, ती हकीकत पुढे येईलच. पण मला खरा प्रश्न पडतो तो त्या पहिल्या सहांबद्दल. पेन उचलायला दहा सेकंदही लागले नव्हते. मी नेमकं काय बघून सही केली? ज्यांना टाळलं त्यांच्यात काय कमी होतं? ते दोघंही वाईट नव्हते, एकाशी तर माझी चांगली गट्टी होती. नोकरी संपल्यावर या विषयावर झालेलं संशोधन वाचत गेले तेव्हा त्या दहा सेकंदांचा बराचसा उलगडा झाला.

विश्वास हा शब्द आपण फार ऐसपैस वापरतो. शेजारच्या टेबलावरच्या बाईशी पटतं, डबा वाटून खातो, सकाळी एकाच डब्यात चढतो, म्हणून विश्वास आहे असं धरून चालतो. तो जिव्हाळा असतो, आणि जिव्हाळा मोलाचा असतोच. पण विश्वासाचा प्रश्न येतो तो आपलं काहीतरी पणाला लागल्यावर. १९९५ साली रॉजर मेयर, जेम्स डेव्हिस आणि डेव्हिड शूरमन या अमेरिकेतल्या संशोधकांनी विश्वासाची जी व्याख्या केली ती आजही या विषयात पायाभूत धरली जाते. मराठीत तिचा गाभा असा सांगता येईल: समोरच्यावर आपला ताबा नाही, त्याने मनात आणलं तर आपल्या अंगाशी येईल, हे कळत असूनही ती गोष्ट त्याच्या हाती सोपवायची तयारी म्हणजे विश्वास. यातलं ‘अंगाशी येणं’ काढून टाकलं तर मागे काही उरत नाही. ज्यात आपलं काही जाणारच नाही तिथे विश्वास ठेवला काय आणि न ठेवला काय, सारखंच.

समोरचा माणूस विश्वासाला पात्र आहे की नाही हे आपण कशावरून जोखतो, याचंही उत्तर या तिघांनी दिलं. आपण तीन गोष्टी बघतो. त्याला काम येतं का? आपलं बरं व्हावं असं त्याला मनापासून वाटतं का? आणि तो शब्दाला जागतो का?

या तिन्ही गोष्टी एकाच माणसात असतातच असं नाही, आणि ऑफिसातले बरेचसे गैरसमज इथूनच सुरू होतात. आमच्याकडे एक सीनियर होते. बँकेचा ताळा जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, महिनाभर न जुळलेला आकडा ते अर्ध्या तासात पकडत. पण त्यांच्या कानावर घातलेली घरची अडचण संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचलेली असायची. उलट आमचे मामा, म्हणजे शिपाई. कॉम्प्युटर कुठून सुरू करतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं, पण ४० हजारांची रोकड आणि भरणा स्लिप त्यांच्या हातात देऊन मी त्यांना बँकेत पाठवायचे आणि माझ्या कामाला लागायचे. चुकलेला ताळेबंद मामांकडे नेला नाही, घरचं दुखणं त्या सीनियरना सांगितलं नाही. म्हणून ‘तुझा त्याच्यावर विश्वास आहे का?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कशाच्या बाबतीत, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

१९९५ सालीच डॅनियल मॅकॲलिस्टर यांनी व्यवस्थापकांचा अभ्यास करून आणखी एक फरक दाखवला. एक विश्वास डोक्याने ठेवलेला असतो: हा वेळेवर काम देतो, याचा आकडा चुकत नाही. दुसरा मनाने ठेवलेला: माझी अडचण याच्यापाशी बोलले तर हा माझी बाजू समजून घेईल. सहकाऱ्यांमध्ये मनाचा विश्वास सहसा डोक्याच्या विश्वासाच्या पायावर उभा राहतो असं त्यांना आढळलं. मला हे तंतोतंत पटतं. ज्याच्या अर्धवट फायली रोज आपण निस्तरतो, त्याच्याबरोबर लोणावळ्याच्या पिकनिकला कितीही अंताक्षरी खेळलं तरी सोमवारी सकाळी मनात तीच फाइल असते. ऑफिसं पिकनिकवर खर्च करतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जुळणी कामातून सुरू होते, हे ध्यानात ठेवायला हवं.

बसणं आणि टाकणं

मराठीत विश्वास ‘बसतो’ आणि विश्वास ‘टाकला’ जातो. पहिल्यात आपण वाट बघत असतो, दुसऱ्यात आपण स्वतः काहीतरी करतो. आपला समज असा, की आधी विश्वास बसेल आणि मग आपण तो टाकू. माझा अनुभव आणि संशोधनही बरंचसं उलटं सांगतं. आधी कुणीतरी छोटासा विश्वास टाकतं, मग तो हळूहळू बसत जातो.

१९९५ सालचाच एक प्रयोग आहे, जॉयस बर्ग, जॉन डिकहॉट आणि केविन मॅककेब यांचा. दोन माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली, एकमेकांची नावंही ठाऊक नाहीत. दोघांनाही १० डॉलर दिले. पहिल्याने त्यातले वाटतील तेवढे दुसऱ्याला पाठवायचे, आणि पाठवलेल्या रकमेची वाटेत तिप्पट होणार. मग दुसऱ्याने त्यातलं काही परत करायचं किंवा सगळंच ठेवून घ्यायचं. रोकडा हिशोब म्हणतो की एक पैही पाठवू नये, कारण समोरच्यावर कसलंच बंधन नाही. तरी ३२ पैकी ३० जणांनी काही ना काही पाठवलं, सरासरी निम्म्याच्या थोडं वर. परत आलेली सरासरी रक्कम मात्र पाठवलेल्या रकमेपेक्षा जराशी कमी भरली. म्हणजे माणसाचा स्वभाव पहिलं पाऊल टाकण्याचा आहे, आणि अनोळखी माणसाबरोबर एकदाच व्यवहार झाला तर थोडी खोटही बसू शकते.

ऑफिसात व्यवहार एकदाच होत नाही. उद्या पुन्हा तेच तोंड बघायचं असतं. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास कॉम्प्युटर प्रोग्रॅमची एक स्पर्धा घेतली होती. दोन-दोन प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा समोरासमोर येणार, आणि प्रत्येक वेळी एकमेकांना साथ द्यायची की दगा, हे ठरवणार. पहिल्या फेरीत १४ प्रवेशिका होत्या, दुसरीत ६२. दोन्ही वेळा जिंकला तो सगळ्यात साधा प्रोग्रॅम, ॲनाटोल रॅपोपोर्ट यांचा. पहिल्या डावात साथ द्यायची, पुढे समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच करायचं, एवढाच त्याचा नियम. ॲक्सेलरॉड यांनी याचं मर्म ‘भविष्याची सावली’ या शब्दांत सांगितलं. पुढे बराच काळ एकत्र राहायचं आहे ही जाणीव आजच्या वागण्यावर सावली धरते. अकरा-अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर माणसं घेणारी ऑफिसं ही सावलीच कापून टाकतात. एप्रिलमध्ये कोण असेल हे माहीत नसताना फेब्रुवारीत कुणी कुणासाठी का झिजावं? त्या मुलांना ‘टीम स्पिरिट नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे.

आमच्या बायकांच्या भिशीने हे सगळं कुठल्याही प्रयोगाशिवाय ओळखलं होतं. आम्ही १२ जणी, दरमहा २,००० रुपये. प्रत्येक महिन्याला एकीला २४,००० मिळायचे. आता हिशोब बघा. पहिला नंबर जिचा, तिने स्वतःचे २,००० घातले आणि २४,००० उचलले. उरलेल्या अकरा जणींचे २२,००० तिच्या शब्दावर अवलंबून. शेवटचा नंबर जिचा, तिला अकरा महिने इतरांवर विश्वास टाकावा लागला. कागद नाही, सही नाही. आमच्याकडे चिठ्ठ्या टाकायचे, पण एक अलिखित नियम होता: नवीन बाई पहिल्या वर्षी चिठ्ठीत नसे, तिला शेवटचा नंबर. कुणी तिचा अपमान केला असं तिला वाटू नये म्हणून कॅश काउंटरच्या ताई तिला बाजूला घेऊन समजावत, “तुझे पैसे आमच्याकडे राहतील, पुढच्या वर्षी आमचे तुझ्याकडे.” वर्षभर ती दर सात तारखेला पैसे आणून देई आणि आम्ही तिला बघत असू. आम्ही तिला बघत होतो तशीच तीही आम्हाला बघत होती, हे मला फार उशिरा उमगलं. बाराव्या महिन्यात तिच्या हातात २४,००० पडले की दोन्ही बाजूंचा विश्वास बसलेला असे. दुसऱ्या वर्षी तिचं नाव चिठ्ठीत.

याच रीतीने कामातला विश्वासही वाढतो. नव्या मुलाच्या हाती पहिल्या आठवड्यात चेकबुक देत नाहीत आणि दोन वर्षं नुसतं झेरॉक्स काढायलाही लावत नाहीत. आज पेटी कॅशचं व्हाउचर, पुढच्या महिन्यात एका पार्टीचं खातं, मग पूर्ण लेजर. प्रत्येक पायरीवर थोडं अंगाशी येऊ शकेल असं काहीतरी त्याच्या हाती द्यावं लागतं. सगळं आपणच तपासत बसलो तर तो भरवशाचा आहे की नाही हे कळण्याचा मार्गच आपण बंद करतो.

३१ मार्चची रात्र

पहिलं पाऊल कुणी टाकायचं? माझं मत ठाम आहे: ज्याच्या हातात जास्त अधिकार आहे त्याने. कारण खालच्या माणसाने टाकलेलं पाऊल चुकलं तर त्याची नोकरी जाऊ शकते, वरच्याचं चुकलं तर त्याला फारतर मनस्ताप होतो.

२०११ चा मार्चअखेर होता. रात्रीचे सव्वाआठ वाजलेले, सगळ्यांच्या टेबलांवर वडापावचे कागद आणि गार झालेला चहा. आठ महिन्यांपूर्वी लागलेली एक मुलगी दोन व्हाउचर हातात घेऊन आमच्या सेक्शनच्या मॅडमसमोर येऊन उभी राहिली. एकाच ट्रान्सपोर्टरचं एकच बिल तिने दोनदा पास केलं होतं. १,८६,४०० रुपये दोनदा गेले होते. तिच्या हातातला कागद थरथरत होता, आणि सगळं सेक्शन गप्प झालं होतं.

मॅडमनी दोन्ही व्हाउचर शेजारी शेजारी ठेवले. तारखा बघितल्या. मग म्हणाल्या, “अगं, बस आधी. केव्हा लक्षात आलं?”

“आत्ता, मॅडम. पाच मिनिटं झाली.”

“आणि लगेच आलीस. बरं केलंस. पार्टीला आत्ता फोन लावू, एंट्री उद्या उलटवू. साहेबांना मी सांगते.” मग त्यांनी खालचा ड्रॉवर उघडून एक जुना, कडा पिवळ्या पडलेला झेरॉक्स काढला. त्यांच्याच हातचं १९९४ सालचं व्हाउचर, एक शून्य जास्त पडलेलं. “हे मी जपून ठेवलंय,” एवढंच बोलून त्यांनी तो परत आत ठेवला.

त्या रात्रीनंतर आमच्या सेक्शनमध्ये चूक झाली की त्याच दिवशी टेबलावर यायची. मॅडम रिटायर झाल्या, नवे साहेब आले. त्यांनी पहिल्याच महिन्यात एका क्लार्कला सगळ्यांसमोर उभं करून त्याची चूक मोठ्याने वाचायला लावली. पुढचे सहा महिने एकही चूक कुणी आणून दाखवली नाही. साहेबांना वाटलं काम सुधारलं. ऑडिटरनी खाती उघडली तेव्हा चुका तिथेच होत्या, फक्त तारखा जुन्या झाल्या होत्या आणि पैसे वसूल करण्याची वेळ टळून गेली होती.

एमी एडमंडसन या हार्वर्डच्या संशोधिकेला १९९० च्या दशकात रुग्णालयांचा अभ्यास करताना हेच दिसलं होतं. जिथली टीम चांगली, तिथे औषधं देण्यातल्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा. आकडे उलटे आले: चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त! बारकाईने बघितल्यावर उलगडा झाला तो असा, की त्या टीममधली माणसं चुका मोकळेपणाने सांगत होती, बाकीच्या टीममध्ये त्या दडवल्या जात होत्या. पुढे १९९९ साली एका उत्पादक कंपनीतल्या ५१ टीम्सच्या अभ्यासातून त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना मांडली. इथे मी बोलले, चुकले, अडाणी प्रश्न विचारला तरी मला कुणी खाली पाडणार नाही, असा सगळ्या गटाचा मिळून असलेला समज. २०१५ मध्ये गूगलने आपल्या १८० च्या आसपास टीम्सच्या पाहणीचे निष्कर्ष सांगितले तेव्हा चांगल्या टीमच्या लक्षणांत हीच गोष्ट पहिल्या क्रमांकावर होती.

आपल्याकडे यासाठी ‘सांभाळून घेणं’ असा शब्द आहे, पण तो जपून वापरायला हवा. मॅडमनी त्या मुलीला सांभाळून घेतलं म्हणजे चूक झाकली नाही. फोन लावला, एंट्री उलटवली, साहेबांना कळवलं. चूक झाकून सांभाळणारे लोकही मी पाहिले आहेत. त्यांच्यात जे असतं त्याला मी विश्वास म्हणणार नाही, ते एकमेकांच्या मिंधेपणात अडकलेले असतात.

ओळख नसतानाचा विश्वास

सगळा विश्वास वर्षानुवर्षं मुरवावा लागतो असंही नाही. लोकलच्या पुढच्या टोकाला मोटरमन बसतो आणि मागच्या टोकाला गार्ड, ज्यांना जानेवारी २०२२ पासून रेल्वे ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणते. बारा डब्यांच्या गाडीत दोघांमध्ये पाव किलोमीटरचं अंतर. फलाटावर कोण लटकतंय, कोण धावत येतंय, हे गार्ड बघतो आणि बेलचे दोन ठोके देतो. त्यावर मोटरमन गाडी काढतो. दोघांची त्या दिवशी पहिल्यांदाच जोडी जमली असेल, तरी त्या दोन ठोक्यांवर हजारो जीव सोपवले जातात.

गोरेगावच्या चित्रनगरीतही तेच. शूटिंगच्या पहिल्या दिवशी लाइटमन, स्पॉटदादा, मेकअपवाले, फोकस पुलर अशी पन्नास-साठ माणसं जमतात, त्यातली निम्मी एकमेकांना नवीन, आणि नऊच्या शिफ्टला काम सुरूही होतं. डेब्रा मेयरसन, कार्ल वाइक आणि रॉडरिक क्रेमर यांनी १९९६ साली अशा तात्पुरत्या गटांतल्या विश्वासाला ‘झटपट विश्वास’ म्हटलं. इथे माणसावर नंतर, त्याच्या भूमिकेवर आधी विश्वास असतो. काम नेमकं वाटलेलं असतं, खुणा ठरलेल्या असतात, म्हणून हे जमतं. ज्या ऑफिसात कुणाचं काम कुठे संपतं हे कुणालाच ठाऊक नसतं तिथे हा विश्वास उभा राहत नाही, मग माणसं कितीही चांगली असोत.

तिसरी वाट ओळखीची, आणि मुंबईत ती सगळ्यात जुनी. आपल्या गावचा, आपल्या ओळखीतला, म्हणून विश्वासाचा. १८९० पासून चालत आलेल्या डबेवाल्यांच्या कामात बहुतेक माणसं मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले या भागांतली. नवा माणूस कुणाच्या तरी ओळखीने येतो, म्हणजे त्याच्यामागे आधीच एक जामीनदार उभा असतो. तो चुकला तर गावात मान खाली जाते ती ओळख देणाऱ्याची. दिवसाला अनेक हातांतून जाणारा डबा हरवत नाही याला खुणांची पद्धत आणि लोकलची वेळ जितकी कारण, तितकीच ही गावची नाळही.

पण या वाटेवर दरवाजेही बंद होतात, आणि हे मला नुसतं सांगून पुढे जायचं नाही. गिरणगावात जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारा मुकादम, आपल्या गावचे, आपल्या नात्याजातीचे लोक भरत असे. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार चांगला मिळे. तिथे धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला, धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि एकाच धोट्याला दलित कामगाराचं तोंड लागणार म्हणून सवर्ण कामगारांनी दलितांना त्या खात्यात येऊच दिलं नव्हतं. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. संपात खांद्याला खांदा लावून उभे राहणारे कामगार धोट्यापाशी मात्र एकमेकांचे नव्हते. ‘आपला माणूस’ या दोन शब्दांत जो झटकन विश्वास मिळतो त्याची किंमत बाहेर ठेवलेला माणूस मोजत असतो. आजही ‘रेफरन्सने आलाय, चांगला असणार’ असं म्हणताना, ज्याला रेफरन्स देणारं कुणीच नाही त्याला कोणती छोटी संधी द्यायची हे विचारलंच पाहिजे. भिशीतल्या शेवटच्या नंबरासारखं काहीतरी त्याच्यासाठी असायला हवं.

ओळखीचीच दुसरी बाजू म्हणजे कुजबुज. रोनाल्ड बर्ट आणि मार्क नेझ यांनी दाखवलं आहे की दोघांच्या नात्याबद्दल तिसरे लोक बोलू लागले की ते नातं आहे त्या दिशेने आणखी सरकतं: विश्वास असेल तर तो वाढतो, संशय असेल तर तोही, आणि संशय जास्त जोमाने. चहाच्या टपरीवर ‘तुलाही तसंच वाटतं का गं?’ असं कुणी विचारलं की आपल्यापाशी चिमूटभर असलेला संशय ओंजळभर होऊन परत येतो. ज्याच्याबद्दल शंका आहे त्यालाच जाऊन विचारणं अवघड वाटतं, पण मी जेव्हा जेव्हा तसं केलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा कारण साधं निघालं.

अंतराचाही परिणाम होतो. एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात मोजून दाखवलं की दोन इंजिनिअरांच्या टेबलांत साधारण ५० मीटरहून जास्त अंतर पडलं की त्यांच्यातलं कामाचं बोलणं जवळपास आटतं. घरून काम सुरू झाल्यापासून माझ्या भाचीची टीम ठाणे, पनवेल आणि विरारला विखुरली आहे. तिथे सहज दिसणाऱ्या गोष्टी, जसं कुणी उशिरापर्यंत थांबून दुसऱ्याचं काम उरकलं, आता दिसत नाहीत. म्हणून शब्द पाळण्याला जास्त वजन आलंय. पाचला पाठवते म्हटलं तर पाचला पाठवायचं, जमणार नसेल तर चारला कळवायचं.

तडा गेल्यावर

आता ती अंगाशी आलेली सही. २००३ साल. डिस्पॅचमधल्या एका मुलाला बहिणीच्या लग्नासाठी ६०,००० हवे होते. काम चोख, बोलणं नम्र. मी सही केली. वर्षभराने त्याचं खातं कंपनीने बाहेर कंत्राटाला दिलं, त्याची नोकरी गेली, हप्ते थांबले आणि माझ्या पगाराच्या स्लिपवर ‘पतपेढी जामीन वसुली, १,८५०’ अशी ओळ छापून येऊ लागली. सात महिने. १२,९५० रुपये. घरी मी दोन महिने सांगितलंच नाही. त्याचा फोन लागायचा पण तो उचलत नव्हता, आणि मला पैशांहून जास्त ते लागलं.

विश्वास मिळवायला वर्षं लागतात आणि जायला एक दिवस पुरतो, हे आपण जाणतोच. पॉल स्लोविक यांनी १९९३ साली यामागचं एक कारण सांगितलं: विश्वास मोडणाऱ्या घटना ठळक असतात, त्यांना तारीख असते. विश्वास जपणारं वागणं इतकं रोजचं असतं की ते नजरेतच येत नाही. त्या मुलाने दोन वर्षं वेळेवर पाठवलेली पाकिटं मला आठवत नव्हती. न उचललेले फोन मात्र मोजून लक्षात होते.

तडा कुठे गेला यावर सांधणं अवलंबून असतं. पीटर किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की कामात चूक झाली असेल तर सरळ माफी उपयोगी पडते, पण सचोटीवरच बोट आलं असेल तर नुसत्या माफीने भागत नाही. कारण उघड आहे. एकदा बेरीज चुकली म्हणून कुणी अडाणी ठरत नाही, एकदा पैसे खाल्ले की माणूस कायमचा डागाळतो, आणि माफी म्हणजे त्याची कबुलीच. मॉरिस श्वाइट्झर आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या प्रयोगांत आणखी एक धागा सापडतो: वाईट वागण्याने गेलेला विश्वास सातत्याने चांगलं वागून परत मिळवता येतो, पण त्यात खोटं बोलणं मिसळलं असेल तर तो पूर्ववत होत नाही.

आठव्या महिन्यात तो मुलगा ऑफिसच्या खाली येऊन उभा राहिला. दादरला एका कुरिअरमध्ये लागला होता. त्याने पाकीट पुढे केलं, आत ५,००० रुपये आणि एक चिठ्ठी: उरलेल्या ७,९५० रुपयांच्या तारखा, दर महिन्याची सात. “फोन उचलायची हिंमत झाली नाही मॅडम,” तो म्हणाला. “पैसे नव्हते म्हणून काय सांगणार, असं वाटायचं.” मी म्हटलं, “तेच सांगायचं होतंस.” यापुढे आम्ही त्यावर बोललो नाही. त्याने माफी मागितली, पण मला आधार वाटला तो त्या चिठ्ठीचा, कारण पुढच्या सात तारखेला तिच्यातलं पहिलं वाक्य खरं झालं. मग दुसरं. सात महिने हजार-हजार, आठव्या महिन्यात ९५०.

त्याने पुन्हा जामीन मागितला असता तर मी राहिले नसते. तेवढा विश्वास परत आला नव्हता आणि तसं भासवण्यात अर्थ नव्हता. पण ते ९५० रुपये मोजून घेतल्यावर मी पर्समधून दुसरं पाकीट काढलं. मुलाच्या क्लासची फी दादरला भरायची होती, ३,२०० रुपये, रोख. “तुझ्या वाटेवर आहे, भरशील का?” त्याने पाकीट घेतलं, मोजलं नाही, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून वरून हात दाबला. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी जिना चढत होते तेव्हा तो दाराशी पावती घेऊन उभा होता.